डायलिसिस चालू असताना क्रूझ: आईला न्यावं की नको?

मनवा_ठाणे

नमस्कार मंडळी, खूप वर्षं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आई ६३ वर्षांची. सव्वादोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे, सोम-बुध-शुक्र, सकाळची पहिली शिफ्ट, चार तास. डाव्या हाताला फिस्टुला (सुया टोचायला ऑपरेशनने जोडलेली शीर) आहे आणि तो बरा चाललाय (टचवुड). लघवी अगदी थोडी होते, त्यामुळे दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी अशी मुभा आहे. डिसेंबरमध्ये आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत म्हणून माझ्या भावाने सरप्राईज म्हणून मुंबईहून लक्षद्वीपची पाच रात्रींची क्रूझ बुक करून टाकली, आम्हाला कोणालाच न विचारता. मी विचारलं अरे तिच्या डायलिसिसचं काय, तर म्हणे बुकिंगवाला म्हणालाय बोटीवर डॉक्टर असतो, हॉस्पिटल असतं, सगळं होतं. मला हे पटेना म्हणून तीनदा फोन केला तेव्हा कुठे तिसऱ्या वेळी कळलं की डायलिसिसचं मशीन बिशीन काही नसतं, डॉक्टर म्हणजे ताप, जुलाब, लागलं-खुपलं यासाठी.

आता प्रश्न असे की (१) अशा पेशंटला क्रूझवर नेता येतं का, कोणी नेलंय का, (२) पाच रात्री म्हणजे एक-दोन सिटिंग बुडणार, ते चालतं का, (३) बुकिंग रद्द केलं तर भाऊ सहा महिने बोलणार नाही, त्यावर काही उपाय?

शंकासुर

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर नाही. तिसऱ्याचं उत्तर, सहा महिने शांतता मिळेल, चांगलंच आहे की.

सीरियसली, हौस कसली करताय. डायलिसिसचा माणूस, भर समुद्रात, मोबाईलला रेंज नाही. २०२२ च्या जानेवारीत कोविडमुळे गोव्याला क्रूझ अडकली होती, लोकांना उतरू देत नव्हते, आठवतंय ना? त्या वेळी आत डायलिसिसचा पेशंट असता तर? एखादं चांगलं हॉटेल बघा, केक कापा.

टेक्निशियन_दादा

ताई, मी १४ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे, कोल्हापूर साईडला. तुमच्या प्रश्न क्र. २ चं उत्तर मी ठासून देतो, सिटिंग बुडवायचं नाही. शुक्रवारी डायलिसिस करून निघालात आणि पाच रात्रींनी बुधवारी परत आलात तर सोमवार गेला. पाच दिवसांचा गॅप. अंगावर पाणी साचतं, पोटॅशियम चढतं आणि पोटॅशियम चढताना दुखत-खुपत नाही, डायरेक्ट हार्टवर जातं. आमच्याकडे दिवाळीनंतर, गणपतीनंतर अशा केसेस येतातच, पाहुणे आले होते म्हणून एक चुकवलं म्हणतात आणि रात्री दोनला श्वास लागून येतात.

आणि लोकांना वाटतं बोटीवर मशीन का ठेवत नाहीत, एक मशीन ठेवायला काय होतंय. अहो मशीन ही सोपी गोष्ट आहे. खरी भानगड पाण्याची. मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिली डायलायसेट (रक्त साफ करणारं पाणी) जातं, चार तास म्हणजे २४० मिनिटं, करा हिशोब, १२० लिटर. एका पेशंटच्या एका सिटिंगला. आणि ते पाणी नुसतं पिण्यालायक असून चालत नाही, क्लोरीन, क्षार, बॅक्टेरिया सगळं काढलेलं लागतं, कारण डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या, पातळ पडद्यापलीकडे डायरेक्ट रक्त आहे. त्याला वेगळा आरओ प्लांट लागतो, घरच्या सिंकवरचा तो आरओ नव्हे. शिवाय टेक्निशियन, नर्स, नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर). एवढं सगळं एका-दोघांसाठी कोण उभं करणार.

पण शंकासुर साहेब, घरात बसवा हे पण मला मान्य नाही. आमचे पेशंट अष्टविनायक करतात, पंढरपूरला जातात, एक आजोबा शेतावर ट्रॅक्टर चालवतात (फिस्टुलाच्या हाताने ओझं उचलू नका म्हणून ओरडतो मी). मशीनचं टाइमटेबल सांभाळून सगळं करता येतं. ट्रिप आधी ठरवून मग डायलिसिस कुठे बसतं ते शोधायचं, हे उलटं झालं. डायलिसिसचे वार आधी लिहा, मधल्या फटीत कोणती ट्रिप मावते ते बघा.

जर्सीचा_अण्णा

मनवा, बोटीवर डायलिसिस होतं. फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत डायलिसिस अ‍ॅट सी म्हणून कंपनी आहे, १९७७ पासून हेच करते, मोठ्या क्रूझ लायनींच्या ठराविक सफरींवर त्यांची टीम मशीनं घेऊन चढते, नेफ्रॉलॉजिस्ट, नर्स, टेक्निशियन सगळे. म्हणजे टेक्निशियन दादा म्हणतायत तेच, एका-दोघांसाठी परवडत नाही म्हणून पेशंटांचा ग्रुप जमवून नेतात.

माझे सासरे इथे आमच्याकडेच असतात, ग्रीनकार्डवर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अशाच ग्रुपबरोबर अलास्काला नेलं, सिएटलहून सात रात्री. आठवड्यात तीन सिटिंग बोटीवर झाली. सकाळी लवकर नंबर लागला की दुपारी मोकळे, आणि बोट बंदराला लागली असेल तर उतरून फिरायचे. एका दिवशी समुद्र जरा खवळला होता तेव्हा खुर्ची डुलत होती आणि मामा नर्सला मराठीत सांगत होते की बाई सुई नीट धर. पण झालं सगळं व्यवस्थित. बाजूच्या खुर्चीतल्या एका शिक्षिकाबाईंशी त्यांची इतकी गट्टी जमली की अजून फोन चालतात, कोणाचं फॉस्फरस किती आलं यावर.

खर्चाचं मात्र डोळे उघडून बघायचं. क्रूझचं भाडं वेगळं आणि दर डायलिसिसचे पैसे वेगळे. मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) बोटीवरच्या डायलिसिसचे पैसे देत नाही, आम्ही खिशातून भरले. आणि इथे आईवडलांना भारतातून बोलावून न्यायचा विचार कोणी करत असेल तर, सिएटलहून निघणाऱ्या बोटी बहुतेक वेळा वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात, भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री असावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एकांना हे धक्क्यावर कळलं. काकू टर्मिनलवरच रडायला लागल्या म्हणे.

मनवा_ठाणे

बापरे, १२० लिटर! दोन वर्षं मी बाहेर बाकड्यावर बसतेय आणि मला हे माहीत नव्हतं. दादा आणि अण्णा, खूप धन्स. अलास्का आमच्या आवाक्यातलं नाही, पण वाचून बरं वाटलं.

बंदरावर उतरून डायलिसिस करून परत बोटीत, असं कोणी केलंय का? म्हणजे बोट दिवसभर गोव्याला उभी असते तेव्हा तिथल्या हॉस्पिटलात?

लेस्टरकर

केलंय. आणि परत करणार नाही.

वडील ७१, इंग्लंडमध्ये लेस्टरला एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, डायलिसिस. साऊथॅम्प्टनहून कॅनरी बेटांची क्रूझ घेतली, मधल्या बंदरांवर तीन ठिकाणी क्लिनिक ठरवलं. कागदपत्रं म्हणाल तर लग्नाच्या याद्या परवडल्या. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, एमआरएसए जंतूचा स्वॅब, शेवटच्या काही सिटिंगच्या शीट, ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन), कोणता डायलायझर, रक्त न गोठण्याचं हेपारिन किती, औषधांची यादी, नेफ्रोचं पत्र. युरोपात आमचं जीएचआयसी कार्ड (ब्रिटनच्या लोकांचं, परदेशातल्या उपचारांसाठी) सरकारी केंद्रांत डायलिसिसला चालतं, पण आधी ठरवून. बोटीवरच्या कशालाच चालत नाही.

पहिलं क्लिनिक मस्त झालं. दुसऱ्या वेळी फुंशालला, मदेरा बेटावर, बाबांचा दुपारी १२ चा नंबर होता. सकाळी सातला कॅप्टनचा स्पीकरवर आवाज, वारा जास्त आहे, बंदरात शिरत नाही, पुढे निघतोय. संपलं. खिडकीतून शहर दिसत होतं, त्या डोंगरावरच्या घरांमध्ये कुठेतरी बाबांची खुर्ची रिकामी पडली होती. बोटीवरच्या डॉक्टरने ईसीजी काढला, रक्तातलं पोटॅशियम बघितलं, पाणी अर्ध्यावर आणलं, आणि पुढच्या बंदरापर्यंतचे ते तीस तास मी झोपले नाही. बाबा झोपले. बाबा म्हणे ५०० मिलीत चहा बसवायचा की पाणी एवढाच प्रश्न आहे.

क्रूझ लाईनची काही चूक नाही, बंदर रद्द करायचा हक्क त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलाच असतो, मीच वाचलं नव्हतं.

आणि एक, भारतात येऊन डायलिसिस करून परत इथे आलं की काही आठवडे वेगळ्या मशीनवर बसवतात आणि हिपॅटायटिससाठी पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव असेल तर प्रवासापुरतं ते थांबवतात, कोऑर्डिनेटरला न सांगता जाऊ नका.

कोकणी_वाघाटी

गोव्याचा हिशोब मी मांडतो, माझं घर तिकडचंच. क्रूझ लागते मुरगावला. तिथून मडगाव नाहीतर बांबोळी, ट्रॅफिक धरून तास धरा. उतरायला लाईन, नाव लावणं, चार तास मशीन, सुया काढल्यावर दाबून बसायचं, बीपी पडलं तर आणखी अर्धा तास, परत तास. झाले आठ. बोट सहाला सुटणार म्हणजे पाचच्या आत चढलं पाहिजे. गोव्याला येऊन माणसाने हॉस्पिटलचं छत बघायचं आणि घड्याळ बघायचं. कशाला?

त्यापेक्षा शुक्रवारी सकाळी ठाण्यात डायलिसिस, संध्याकाळी बोटीत, सोमवारी सकाळी परत मशीनवर. शुक्र ते सोम हा गॅप तर काकू दर आठवड्याला काढतातच ना?

टेक्निशियन_दादा

वाघाटी भाऊ अनुमोदन. फक्त हा गॅप रोजचा असला तरी आठवड्यातला सगळ्यात वाईट तोच, आणि त्यात तुम्ही माणसाला बुफे समोर नेऊन बसवताय. नेफ्रोला विचारून शुक्रवारी ड्राय वेटपर्यंत नीट आणा, ट्रिपच्या आधी पोटॅशियम, हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि पोटॅशियम उतरवायची पावडर द्यायची का ते त्यांनाच ठरवू दे.

शंकासुर

आणि बोट परत यायला उशीर झाला तर? सोमवार सकाळच्या जागी सोमवार रात्र झाली तर? हे कोणी बोलत नाहीये.

कोकणी_वाघाटी

हा मुद्दा बरोबर आहे असुरा. मग परत बोटीने येऊच नका. दोन रात्रींची मुंबई-गोवा एकमार्गी पण मिळते कधी कधी. गोव्याला उतरा आणि मडगावहून दुपारची वंदे भारत पकडा, रात्री ठाणे. शिवाय उशीर झालाच तर तुम्ही गोव्यात असाल, पाण्यात नाही. सोमवारचा एक नंबर मडगावला राखीव म्हणून बोलून ठेवा.

पीडीवाली_मीनल

सगळे हिमोबद्दलच (मशीनवरच्या डायलिसिसबद्दल) बोलतायत म्हणून मी, पोटाच्या डायलिसिसवाली. माझं सीएपीडी आहे, म्हणजे पोटात डायलिसिसचं पाणी भरायचं आणि जुनं काढायचं, दिवसाला असे चार एक्स्चेंज, दोन-दोन लिटरच्या पिशव्या. मशीन नाही, आरओ नाही, फक्त स्वच्छ जागा, मास्क, हात धुणं आणि पिशवी अडकवायला हूक. मी सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ केलीय. हूक म्हणून कपाटातला हँगर वापरला.

वजन मात्र मरणाचं. तीन रात्रींसाठी १२ पिशव्या, वर चार जास्तीच्या, म्हणजे ३२ किलोच्या वर नुसतं पाणी. जास्त दिवसांची असेल तर पिशव्यांच्या कंपनीला सांगून थेट निघण्याच्या बंदरावर माल मागवतात लोक, पण त्याला बरेच आठवडे आधी लागावं लागतं. आणि हे ऐकाच: बोटीत चढताना मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात आणि खोलीवर तीन-चार तासांनी येतात, कधी रात्री. एक दिवसाच्या पिशव्या आणि कॅप हातातच ठेवायच्या. मी ठेवल्या नव्हत्या, दुपारचं एक्स्चेंज संध्याकाळी सातला केलं, नवऱ्याने कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालून कार्पेट झिजवलं.

खोलीतला एसी एक्स्चेंजच्या वेळी बंद. पोहायचा तलाव आणि गरम पाण्याचा टब बंद म्हणजे बंद. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टर.

सुगरण_सातारा

बुफेवर मी बोलणार, माझे यजमान सहा वर्षं डायलिसिसवर होते.

घरी आपण बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकून देतो, बोटीवरचा आचारी तसं करत नाही, म्हणून बटाट्याला हात नाही. टोमॅटोच्या लाल ग्रेव्ह्या, संत्र्याचा ज्यूस, केळं, सुकामेवा, शहाळं हे सगळं बाद. शहाळं लोक औषध म्हणून पाजतात हो, गोव्यात दहा जण आग्रह करतील, त्यात पोटॅशियम ठासून असतं. भात, इडली (सांबार नको), साधा ब्रेड, अंड्याचा पांढरा भाग, चिकनचा साधा तुकडा, यात भागतं. टेबलावर लो सोडियम मिठाची पुडी असेल तर ती साध्या मिठापेक्षा वाईट, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि कमरख, ते चांदणीसारखं फळ, कापून सजावटीला लावतात तिथे, त्याची एक फोडसुद्धा नको. किडनीच्या माणसाला ते विषासारखं आहे, उचक्या लागतात, भ्रम होतो, माणसं दगावलीयत त्याने.

जुलाब-उलट्या झाल्या तर कोणीतरी लगेच ओआरएस आणून देतं. त्यातही पोटॅशियम असतं, आधी डॉक्टरला डायलिसिस सांगायचं. बोट लागण्याची गोळी पण आधीच नेफ्रोकडून लिहून घ्या.

पाण्यासाठी आमची युक्ती, सकाळी एक बाटली भरायची, दिवसभर त्यातूनच, चहा प्यायलात तर तेवढं त्यातून ओतून द्यायचं. बर्फ म्हणजे पण पाणीच.

बाकी एक विचारू का मनवा? आईला विचारलंत का तिला कुठे जायचंय?

मनवा_ठाणे

सुगरणताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेले.

आईला लक्षद्वीपशी काही देणंघेणं नाही. ती म्हणाली, मला बोटीच्या कठड्याला उभं राहायचंय. तिचं माहेर जयगडच्या बाजूचं. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने जायचे सगळे, बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि हे लोक पडावातून किनाऱ्याला. एकदा तिची चप्पल पाण्यात पडली होती आणि आजोबांनी नवीन घेऊन दिली नव्हती, उन्हाळाभर अनवाणी. हे सगळं तिने मला काल सांगितलं. मला आतापर्यंत फक्त तिच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिन माहीत होतं असं वाटलं.

भावाला धागा वाचायला दिला. लक्षद्वीप रद्द, थोडे पैसे गेले, तो बोलतोय अजून माझ्याशी. मुंबई-गोवा दोन रात्री, एकमार्गी. नेफ्रोने रिपोर्ट बघून हो म्हटलं, बोटीच्या मेडिकल फॉर्ममध्ये सगळं खरं खरं लिहिलं, आणि मडगावला सोमवारचा नंबर रिपोर्ट पाठवून राखून ठेवलाय.

जर्सीचा_अण्णा

वाह! वृत्तांत पाहिजे हां. इपोचं (रक्त वाढवायचं) इंजेक्शन त्या दिवसांत येत असेल तर ते आधीच घेऊन टाकता येईल का विचारा, खोलीतल्या फ्रिजचं काही खरं नसतं.

मनवा_ठाणे

वृत्तांत, उशीर झाल्याबद्दल सॉरी.

शुक्रवारी सहाला मशीनवर, दहाला संपलं, घरी येऊन आई दोन तास गाढ झोपली. मला वाटलं आता उठून नाही म्हणणार. उठली आणि म्हणाली माझी निळी साडी कुठाय. धक्क्यावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, तिने आधी नाक मुरडलं पण लाईन बघून बसली. फिस्टुलाच्या हातावर बँड बांधायला लागले तर मी दुसऱ्या हातावर बांधायला लावला.

बोट म्हणजे तरंगतं हॉटेल, गाणी, डीजे, पोरं नाचतायत, बाबा हरखले. आईने पहिल्या रात्री शोला येऊन पंधरा मिनिटं कान झाकले आणि डेकवर निघून गेली. मी शाल घेऊन मागे. किनारा लांब होता, कुठे कुठे दिव्यांचा ठिपका. तिथल्या एका पोऱ्याला, तो बहुतेक मणिपूरचा होता, तिने मराठीत विचारलं जयगड गेलं का रे. तो हसून म्हणाला यस मॅम. मग तिचं समाधान झालं.

पाणी बाटलीतूनच. दोन वेळा भात-चिकन, एकदा इडली. बाबांनी गुपचूप गुलाबजाम दिला, मी बघितलं नाही असं दाखवलं. शनिवारी दुपारी पायात क्रॅम्प आला, चोळून गेला. रविवारी मुरगावला उतरलो, टॅक्सीवाल्याने शहाळ्यासाठी गाडी थांबवली (सुगरणताई!), नको म्हटलं. वंदे भारत पाऊण तास लेट होती, पण मध्यरात्रीच्या आत घरी. मडगावचा नंबर फोन करून सोडून दिला, दुसऱ्या कोणालातरी मिळाला असेल.

सोमवारी वजन केलं तर १.९ किलो वाढ, म्हणजे साचलेलं पाणी. एरवी रविवारचं घरचं जेवण जेवून २.४ असते. टेक्निशियन म्हणाला काकू, बोटीवर उपाशी होतात काय. आई म्हणाली, जेवायला वेळ कोणाला होता.

टेक्निशियन_दादा

१.९!! माझ्या पेशंटांना दाखवतो हे.

शंकासुर

बरं झालं. मी चुकलो असं म्हणणार नाही, पण एक विचारायचं होतं. आमच्या अण्णांची शिफ्ट मंगळ-गुरु-शनि आहे, दुपारची. शनिवारी रात्री सुटणारी असते का कुठली?

कोकणी_वाघाटी

असुरा, दुपारची शिफ्ट एका शनिवारपुरती सकाळची करून मिळते का ते आधी विचार. टाइमटेबल महिन्यामहिन्याला बदलतं, मी बघून सांगतो. अण्णांचं गाव कुठलं?